पत्रा पाहिला, गिरणी पाहिली नाही : नागपुरातल्या एका फसलेल्या सौर प्रकल्पाचा हिशोब

नागपुरात आमची छपरावर सौर पॅनेल बसवणारी छोटी कंपनी आहे. माणसं नऊ. हे प्रकरण आमच्याच एका कामाचं आहे. ग्राहक भंडारा रोडवरच्या कापसी भागातला, तूर डाळीची गिरणी चालवणारा. गिरणीचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. आकडे मात्र सगळे लिहिते. या धंद्यातल्या माणसाला आकड्यांशिवाय काही समजत नाही, आणि आमची चूकही एका आकड्यातच होती.

काम १०० किलोवॅटचं. ५४० वॅटची १८६ पॅनेल, पॅनेलची वीज गिरणीला वापरता येईल अशी करून देणारे ५० किलोवॅटचे दोन इन्व्हर्टर, पन्हळी पत्र्याची शेड. किंमत ४५ लाख, त्यावर तेव्हाचा १३.८ टक्के जीएसटी. जुलै २०२२ मध्ये जागेची पाहणी केली, डिसेंबरात उभारणी संपली, जानेवारी २०२३ पासून नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, फिरू लागलं. करारात आम्ही लिहून दिलं होतं की पाच वर्षं, दरवर्षी किमान १,४०,००० युनिट वीज तयार होईल. जितकी कमी पडेल तितकी ९ रुपये युनिटप्रमाणे आम्ही भरून देऊ. दहा टक्के रक्कम, म्हणजे साडेचार लाख, ग्राहक वर्षभर राखून ठेवेल.

पहिल्या वर्षी १,१४,६०० युनिट निघाले. तूट २५,४०० युनिटांची, रुपयांत २,२८,६००. या कामात आमचा अपेक्षित नफा होता ३,६०,०००. असंच पाच वर्षं चाललं असतं तर एकट्या या गिरणीनं आम्हाला सव्वाअकरा लाखांवर खाली आणलं असतं.

आकडा कुठून आला

सुरुवात इथूनच करायला हवी. पुढे जे बिघडलं ते छपरावर बिघडलं, पण त्याचं बी पडलं गिरणीच्या गादीवर, चहाचे कप समोर असताना.

गिरणी दोन भावांची. मोठे भाऊ खरेदी-विक्री पाहतात, धाकटे यंत्रं. त्यांच्याकडे आणखी एका कंपनीचं कोटेशन आलेलं होतं, आमच्यापेक्षा दीड लाखानं स्वस्त, आणि त्यात वर्षाला १,३८,००० युनिट लिहिलेले. मोठ्या भाऊंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "ताई, तुमचा आकडा काय?"

माझ्या पिशवीत या छपरावर किती वीज निघेल याचा आमच्या सॉफ्टवेअरनं काढलेला अहवाल होता. त्यात आकडा होता १,३६,४००. तो मी बाहेर काढला नाही. महाराष्ट्रात एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरायची पद्धत आहे. तो गुणाकार वर्षाला १,४६,००० पर्यंत जातो. म्हणजे १,४०,००० म्हटलं तर फार काही खोटं नाही, असं मनाशी ठरवून मी १,४०,००० म्हटलं. काम मिळालं. परतताना गाडीत आम्ही सगळे खुशीत होतो.

३,६०० युनिट मी त्या क्षणी हवेतून काढले. ते ना छपराकडून आले होते, ना सूर्याकडून. ते समोरच्याच्या कोटेशनवरून आले होते.

आषाढातली पाहणी

पाहणीला आमचा इंजिनिअर आणि मी दोघं गेलो. पाऊस पडून गेलेला, पत्रा धुऊन लख्ख. आम्ही लांबी-रुंदी मोजली, पत्रा ज्यांवर टेकतो त्या लोखंडी आडव्या पट्ट्यांची, म्हणजे पर्लिनची, अंतरं पाहिली, शेजारच्या टाकीची सावली कुठवर येते ते पाहिलं, ड्रोननं फोटो काढले. पाऊण तासात खाली आलो. गिरणी त्या दिवशी बंद होती. आम्हाला बरंच वाटलं, आवाज नाही, धूळ नाही, काम भराभर झालं.

विदर्भात नवी तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात यायला लागते आणि गिरण्या तिथून उन्हाळाभर रात्रंदिवस चालतात. हे नागपुरात कुणाला माहीत नाही? मला माहीत होतं. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी तूर पिकते. पण ते ज्ञान घरच्या खान्यात राहिलं आणि पाहणीचा फॉर्म वेगळ्या खान्यात. फॉर्ममध्ये रकाने होते छपराचा प्रकार, उतार, दिशा, सावली, केबलचं अंतर. "या शेडमध्ये काय होतं आणि कोणत्या महिन्यांत होतं" असा रकाना नव्हता.

डाळ कशी तयार होते हे थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यात आहे. तूर आधी चाळतात. मग खरखरीत रोलांतून काढून तिच्या सालीला ओरखडे पाडतात. त्यानंतर दाण्यांना तेलाचा हात देतात, म्हणजे साल सैल होते. मग मुरवणं, वाळवणं, पाणी मारणं आणि पुन्हा रोलांत घालून साल काढणं. निघालेली चुनी आणि भुसा गुरांच्या खाद्याला जातो. बारीक पूड पंख्यानं ओढून सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या नळकांड्यात, जाते. जड कण खाली पोत्यात पडतात, आणि अगदी बारीक, तेलकट पूड वरच्या तोंडातून बाहेर उडते.

त्या सायक्लोनचं तोंड शेडच्या पश्चिमेला, आमच्या पॅनेलांच्या पहिल्या रांगेपासून जेमतेम वीस फुटांवर होतं. ड्रोनच्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. मी तो फोटो नंतर कितीतरी वेळा पाहिला आहे.

नऊ महिन्यांची टोलवाटोलवी

एप्रिल २०२३ मध्ये धाकट्या भाऊंचा पहिला फोन आला. "मॅडम, हिशोबानं तेरा हजार युनिट यायला पाहिजे होते, दहाच येऊन राहिले."

आम्ही उत्तर दिलं की ऊन वाढलं की पॅनेलची ताकद घटते. हे खरं आहे. पॅनेलवर छापलेली वॅटची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्यावरच्या पॅनेलचं अंग ७० अंशांपर्यंत तापतं, आणि त्या वेळेपुरती १६ टक्के ताकद जाते. सगळं खरं. फक्त ही घट आमच्या अहवालात आधीच धरलेली होती. जी घट आम्ही आधीच वजा केली होती तीच पुन्हा कारण म्हणून ग्राहकाच्या हातात दिली. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. लक्षात येण्याएवढा वेळ मी त्याला दिलाच नाही.

मे महिन्यात दुसरं उत्तर. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरही बंद पडतो, नियमच तसा आहे, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून. तेही खरंच. जूनमध्ये तिसरं उत्तर, की कराराच्या अकराव्या पानावर साफसफाई ग्राहकाची जबाबदारी लिहिलेली आहे.

मग पाऊस लागला. जुलै ते सप्टेंबर ढग होते, युनिट कमीच निघाले, पण अहवालात त्या महिन्यांसाठी जेवढे धरले होते जवळपास तेवढेच. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तक्रार आपोआप मिटली असं समजून त्या फायलीवरून हात काढला. खरं तर सगळ्यात मोठा पुरावा त्याच तीन महिन्यांत होता. पाऊस पडला की यंत्रणा बरोबर चालते आणि पाऊस थांबला की बिघडते, तर दोष यंत्रणेत नसून तिच्यावर जे साचतं त्यात आहे. एवढं साधं अनुमान काढायला आम्हाला पुढचा जानेवारी उजाडावा लागला.

जानेवारीत उष्णतेचं कारण टिकेना. नागपूरची थंडी, स्वच्छ आकाश, पॅनेलला सगळ्यात मानवणारे दिवस, आणि उत्पादन १९ टक्क्यांनी कमी. त्याच महिन्यात वर्ष पूर्ण झालं. भावांनी साडेचार लाख अडवले आणि २,२८,६०० ची मागणी लेखी पाठवली.

इथे पैशाची बाजूही सांगते. पूर्ण बिल आम्ही उभारणी संपताच काढलं होतं, त्यामुळे अडकलेल्या साडेचार लाखांवरचे ६२,१०० रुपये जीएसटी सरकारजमा होऊन वर्ष झालं होतं. सरकारला ग्राहकानं पैसे दिले की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. बँकेचं सीसी, म्हणजे धंद्यासाठी उचल घ्यायचं, खातं मर्यादेला टेकलेलं. पॅनेल पुरवठादाराचे रोज फोन. त्या महिन्यात पगारासाठी मी माझ्या बांगड्या बँकेत गहाण ठेवल्या.

वकिलांकडेही जाऊन आले. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं, हे ऐकून आधी हुरूप आला. पण पुरवठा आणि उभारणी एकत्र असलेल्या कामाला तो कायदा लागतो का, यावरच न्यायालयांत वाद झालेले आहेत असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचा १,४०,००० चा आकडा कोर्टात कशावर उभा कराल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीन दिवस गिरणीत

मी आणि आमचा तंत्रज्ञ जानेवारी २०२४ मध्ये तीन दिवस गिरणीत जाऊन राहिलो. सकाळी सातला जायचं, दिवे लागल्यावर परतायचं. आधी कळवलं होतं. धाकटे भाऊ फारसे बोलले नाहीत, पण शिडी लावून दिली.

बोललेच कुणी तर ते गिरणीचे म्हातारे मिस्त्री. तीस वर्षं तिथंच. मी पॅनेलवर बोट फिरवलं, बोटाला पिवळसर चिकट थर आला. तो मी खाली येऊन त्यांना दाखवला. ते म्हणाले, "हे तं रोजचं आहे ना ताई. रात्री दव पडलं का ते पिठावानी भिजते, अन् दिवसा वाळून पापडी धरते. तुम्ही पावसात आले होते, तवा गिरणी झोपून होती. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळा, घेतल्या. एकच उतार, एकच दिशा. एक नीट धुतली, दुसरी तशीच ठेवली. दुपारी बाराला धुतलेलीतून ९.८ अँपिअर, न धुतलेलीतून ७.६. बावीस टक्क्यांचा फरक. तंत्रज्ञानं तीनदा मोजलं. मी तिथेच पत्र्यावर खाली बसले. नऊ महिने आम्ही या माणसांना ऊन शिकवत होतो.

त्यात आमच्या मांडणीचीही भर होती. शेडचा उतार जेमतेम सहा अंशांचा, आणि पॅनेल आम्ही उभी, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेनं, लावलेली. इतक्या कमी उतारावर दवाचं पाणी मळ घेऊन खालच्या कडेला येतं आणि तिथेच वाळतं. त्या कडेला दोन बोटांची काळी पट्टी तयार झाली होती. उभ्या पॅनेलच्या सगळ्यात खालच्या ओळीतल्या पेशी झाकल्या गेल्या की नुकसान त्या ओळीपुरतं राहत नाही, खालचा अर्धा भागच दबतो. पॅनेल आडवी लावली असती तर तीच पट्टी बरंच कमी नुकसान करती.

मग अकराव्या पानाचा विषय. साफसफाई ग्राहकानं करावी, हे लिहिणारी मीच. ती करायची कशी, याचा मात्र विचारही केला नव्हता. छपरावर नळ नाही. पॅनेलांच्या रांगांमधून चालायला फळी नाही. मधेमधे उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे, त्यावर पाय पडला तर माणूस थेट वीस फूट खाली रोलांवर. कमरेचा पट्टा अडकवायला दोरीसुद्धा नाही. हमालांनी वर चढायला नकार दिला होता, आणि बरोबरच केलं होतं. एकदा धाकट्या भाऊंनी स्वतः चढून बोअरच्या पाण्याचा पाइप मारला. पाणी क्षाराचं. ते काचेवर वाळून पांढरे डाग पडले, आणि त्यांना वाटलं पॅनेल खराब निघाली.

२५,४०० युनिट कुठे गेले

तिसऱ्या दिवशी रात्री ऑफिसात बसून आम्ही तुटीचा हिशोब लावला. सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं तेव्हा आणखी दोन गोष्टी सापडल्या. अहवालात पॅनेलच्या मागून वारा मोकळा खेळतो असं धरलेलं होतं. प्रत्यक्षात पॅनेल पत्र्यापासून चार बोटांवर होती, त्यामुळे ती धरल्यापेक्षा जास्त तापत होती. आणि १८६ पैकी ७४ पॅनेल उत्तरेच्या, म्हणजे कमी ऊन मिळणाऱ्या, उतारावर होती, पण चित्रात आम्ही सगळीच दक्षिणेला काढली होती, घाईत. धुळीची घट ३ टक्के भरलेली होती, ती कुणी बदललीच नव्हती.

तेलकट धुळीनं अंदाजे ११,८०० युनिट खाल्ले. जास्तीच्या तापण्यानं ४,२००. उत्तरेच्या उतारानं ३,१००. वीज गेल्यामुळे १,८००. आणि माझ्या तोंडातून निघालेले ३,६००. उरलेल्या ९०० युनिटांचा मेळ आजही लागलेला नाही.

हा कागद घेऊन मी मोठ्या भाऊंकडे गेले. कंपनीतल्या माझ्या भागीदाराचं म्हणणं होतं की ३,६०० ची ओळ काढून टाक, ती धुळीत मिसळ, कुणाला कळणार आहे. मी ती ठेवली. मोठेपणानं नाही ठेवली. मला त्या आकड्यासोबत पुन्हा एक वर्ष काढायचं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. ३,६०० वर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेननं १,८०० ची ओळ खोडली आणि म्हणाले, "लाइट गेली ते तुमच्या हातात नव्हतं. बाकीचे द्या." करारात वीज जाण्याची सूट कुठेही लिहिलेली नव्हती. ती त्यांनी आपणहून दिली.

असं ठरलं. पहिल्या वर्षाचे २,१२,४०० आम्ही भरायचे. छपरावर चालायच्या फळ्या, पट्टा अडकवायची स्टीलची दोरी आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून वेगळी लाइन आम्ही आमच्या खर्चानं बसवायची. त्याला १,६५,००० लागले. सायक्लोनच्या तोंडावर कापडी फिल्टर त्यांनी त्यांच्या खर्चानं लावायचा. जानेवारी ते मे दर आठ दिवसांनी आणि पावसानंतर दर पंधरा दिवसांनी धुण्याचं काम आमच्याकडे, वेगळ्या मासिक दरानं, तारखांच्या वहीसह. हमीचा आकडा १,२५,०००. त्यांनी अडवलेले साडेचार लाख दोन हप्त्यांत सोडले. उत्तरेची पॅनेल हलवणं परवडणारं नव्हतं, ती तशीच आहेत.

३,६०,००० चा नफा वजा हे दोन्ही खर्च. कागदावर १७,४०० चा तोटा. व्याज, नऊ महिन्यांच्या फेऱ्या आणि त्या दरम्यान सोडून गेलेला एक चांगला इंजिनिअर यांची किंमत त्यात धरलेली नाही. तो जाताना म्हणाला होता की ग्राहकाला रोज अर्धं खरं सांगायचा त्याला कंटाळा आला आहे. मला ते तेव्हा लागलं. आता वाटतं, तो आमच्यात सगळ्यात आधी शहाणा झाला.

दुसऱ्या वर्षी १,२६,७०० युनिट निघाले.

आता काय वेगळं करतो

पाहणीचा फॉर्म फाडून नवा केला. पहिला प्रश्न आता छपराचा नाही, धंद्याचा आहे. हंगाम कोणता, धूर-धूळ कुठून निघते, ती कोरडी की चिकट, वारा कुठून कुठे. मालकासोबतच मिस्त्रीशी किंवा सगळ्यात जुन्या कामगाराशी बोलल्याशिवाय पाहणी पूर्ण धरत नाही. हंगाम चालू नसेल तर हमीचा आकडा देत नाही, मग काम गेलं तरी चालेल. गेल्या वर्षी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगला आम्ही सांगितलं की कापूस सुरू झाल्यावर येऊन पाहू. त्यांना थांबायचं नव्हतं. काम गेलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

हमी आता एका आकड्याची नसते. धुतल्याची वही, वीज गेल्याचे तास आणि त्या महिन्याचं प्रत्यक्ष ऊन यांच्या हिशोबानं ती मोजतो. पैसे राखून ठेवायचे असतील तर बिलाच्या तारखा आणि जीएसटी कसा भरायचा हे आधी सीएसोबत बसून ठरवतो. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप भरलेला प्रत्येक आकडा कुणीतरी सहीनिशी तपासतो. ही सगळी कामं सोपी आहेत. अवघड एकच राहिलं आहे. समोरच्यानं दुसऱ्याचा कागद पुढे सरकवला की गप्प बसून आपला अहवाल बाहेर काढणं. दर वेळी छातीत धडधडतं.

मागच्या दिवाळीत भावांनी गिरणीची दुसरी शेड बांधली, साठ किलोवॅट मावतील एवढी. मला आशा होती. ते काम त्यांनी दुसऱ्या कंपनीला दिलं. धुण्याचं काम मात्र दोन्ही शेडचं आमच्याकडे आहे.

मी मोठ्या भाऊंना कारण विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आले, तीन दिवस वर बसले, पैसे भरले, सगळं खरं. पण एप्रिल ते जानेवारी तुम्ही मला ऊन समजावून सांगून राहिले होते. ते नऊ महिने माझ्या ध्यानातून जात नाहीत."